लोड बॅलन्सर हिरवा, मोंढ्यात साइट बंद: बाहेरच्या सर्व्हरांवरचं डीएनएस फेलओव्हर पुन्हापुन्हा का फसतं

सोयाबीनची आवक जोरात असते ते दिवस, म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे, आमच्या बाजारभावाच्या साइटवर सगळ्यात जास्त गर्दी असते. सौदे सुटले की तासाभरात सगळे एकदम येतात. नेमक्या त्याच वेळी मुंबईचा सर्व्हर पडला. लोड बॅलन्सर म्हणजे एक सर्व्हर पडला की लोकांना दुसऱ्याकडे पाठवणारी (म्हणजेच फेलओव्हर करणारी) सेवा. तिच्या पडद्यावर काळजीचं काही नव्हतं: मुंबई लाल, संभाजीनगर हिरवा, वाहतूक वळवलेली. आणि फोनवर लातूरच्या मोंढ्यातले एक अडत्ये: "भाऊ, भाव दिसंना झालेत बगा. माल उतरवू का थांबू, शेतकरी विचारायलाय."

वर्षभरात ही चौथी वेळ होती. आधीच्या तिन्ही वेळांना तासाभरात मुंबई परत उभी राहिली आणि आम्ही एकमेकांना तेच सांगून मोकळे झालो, "डीएनएस पसरायला वेळ लागतो." हे वाक्य मी आता कुणाच्याही तोंडून खपवून घेत नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा, तिच्यात काही पसरत नसतं. कुणीतरी जुनं उत्तर जपून ठेवलेलं असतं, किंवा कुणाला तरी चुकीचं उत्तर दिलं जात असतं, आणि ते कोण हे शोधता येतं. शोधल्यावर आमच्याकडे एक नव्हे, पाच वेगवेगळे दोष निघाले, आणि पाचही त्या एका वाक्याच्या आड लपून बसले होते.

आधी मांडणी सांगतो. दोन सर्व्हर: एक मुंबईत भाड्यानं घेतलेला, दुसरा छत्रपती संभाजीनगरच्या कचेरीतला आमचा स्वतःचा. लोड बॅलन्सिंगची सेवा तिसऱ्याचीच, तिच्या दृष्टीनं आमचे दोन्ही सर्व्हर बाहेरचे होस्ट. तिच्या हातात फक्त नाव आणि आयपी पत्ता. मुंबई मुख्य, संभाजीनगर राखीव. लेखात मुंबईला २०३.०.११३.१० आणि संभाजीनगरला १९८.५१.१००.२० म्हणतो, हे पत्ते मुद्दाम उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यांतले आहेत, खरे नाहीत.

डीएनएसवर चालणारा लोड बॅलन्सर वाहतूक स्वतः वाहून नेत नाही, ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लातुरात गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे उभ्या माणसाला एखादं दुकान कुठं म्हणून विचारलं तर तो बोटानं रस्ता दाखवतो आणि तिथंच उभा राहतो, तुमच्यासोबत चालत येत नाही. तुम्ही त्या रस्त्यानं निघाल्यावर दुकान बंद निघालं तर त्याला ते कळायला मार्ग नाही. तुम्ही कालचाच पत्ता लक्षात ठेवून त्याला न विचारता गेलात तर तेही नाही. म्हणून बॅलन्सरच्या पडद्यावर जे हिरवं दिसतं, ते त्यानं दाखवलेल्या बोटाबद्दल असतं. गिऱ्हाईक दुकानात पोचलं की नाही याबद्दल नसतं.

पहिला दोष: बोडकं नाव

फोन आला की पहिला प्रश्न मी आता ठरवून एकच विचारतो: पत्त्याच्या पट्टीत नेमकं काय लिहिलंय ते वाचून दाखवा. त्या दिवशी अडत्यांनी वाचलं, आणि त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नव्हतं, म्हणजे नाव बोडकं. आमची सगळी चाचणी कायम डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या नावावर. व्हॉट्सॲपच्या गटांमधून फिरणाऱ्या भावाच्या संदेशात मात्र बोडकं नाव होतं, आणि लोक त्याच्यावरच बोट ठेवायचे.

कारण जुनंच आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं नाव सीनेम रेकॉर्डनं (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणाऱ्या नोंदीनं) बॅलन्सरच्या नावाकडे वळवलेलं. बोडक्या नावावर सीनेम ठेवता येत नाही, कारण तिथं झोनचे (आपल्या नावाच्या सगळ्या डीएनएस नोंदींच्या संचाचे) एसओए आणि एनएस हे सक्तीचे रेकॉर्ड असतातच, आणि सीनेम असलेल्या नावावर दुसरा रेकॉर्ड चालत नाही. हा नियम १९८७ सालच्या मूळ डीएनएस प्रमाणांपासूनचा. मग साइट उभी करताना कुणीतरी बोडक्या नावाला सरळ ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) दिला, २०३.०.११३.१०. तो कायम मुंबईकडेच बोट दाखवत राहिला. बॅलन्सरला त्याची खबरही नाही.

शोधायची रीत सोपी आहे. डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा घ्या आणि दोन्ही नावं सरळ झोनच्या अधिकृत नेमसर्व्हरला (जिथं मूळ नोंदी असतात) विचारा, मधल्या कुठल्याही कॅशला (जपून ठेवलेल्या उत्तरांना) नको. मग तेच प्रश्न आपल्या नेहमीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्या वतीनं पत्ते शोधणाऱ्या सर्व्हरला, विचारा. अधिकृत उत्तरच चुकीचं असेल तर दोष तुमच्या झोनमध्ये. अधिकृत उत्तर बरोबर आणि रिझॉल्व्हरचं जुनं असेल तर शेजारी उरलेला टीटीएल, म्हणजे उत्तर आणखी किती सेकंद जपायचं तो आकडा, पाहा. तो सेकंदासेकंदानं उतरत असेल तर ती नुसती कॅश आहे, थांबा. आमच्या बाबतीत अधिकृत सर्व्हरच बोडक्या नावाला मुंबईचा पत्ता सांगत होता. वर्षभर थांबलो असतो तरी बदलला नसता.

उपाय दोन. बरेच डीएनएस पुरवठादार एलियास, एनेम किंवा सीनेम फ्लॅटनिंग अशा नावांनी बोडक्या नावावर सीनेमसारखं वागणारा रेकॉर्ड देतात. तो बॅलन्सरच्या नावाचा पत्ता स्वतः शोधून ए रेकॉर्ड म्हणून पुढे देतो. ते नसेल तर पूर्ण झोनच बॅलन्सर देणाऱ्या सेवेकडे न्या. बोडक्या नावावरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे रिडायरेक्ट ठेवणं हा तिसरा मार्ग लोक सुचवतात, पण तो रिडायरेक्ट देणारा सर्व्हर कुठं उभा आहे? मुंबईतच असेल तर काहीच मिळवलं नाही.

जाता जाता: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या सीनेमचा टीटीएल आमच्याकडे १४४०० सेकंद, म्हणजे चार तास होता, आणि सगळ्यांचं बोट त्याच्याकडे गेलं. तो निरपराध निघाला. सीनेम बदलतच नाही, तो कायम बॅलन्सरच्याच नावाकडे दाखवतो. फेलओव्हरमध्ये बदलतो तो बॅलन्सरच्या नावाचा ए रेकॉर्ड, आणि त्याचा टीटीएल ६० होता. कुठला टीटीएल महत्त्वाचा हे न पाहता सगळेच आकडे खाली आणले तर नेमसर्व्हरवर प्रश्नांचा भार वाढतो, हाती काही लागत नाही.

दुसरा दोष: राखीव सर्व्हरचं सर्टिफिकेट

यानं मला सगळ्यात जास्त दमवलं. आधीच्या तीनपैकी पहिल्या वेळी, जूनमध्ये, संभाजीनगरनं भार व्यवस्थित उचलला होता. ऑक्टोबरमध्ये मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या नावानं बरोबर तिथंच पोचलेल्या लोकांनाही ब्राउझर लाल पान दाखवत होता: जोडणी सुरक्षित नाही. वर आम्हीच कधीतरी एचएसटीएस (साइट फक्त सुरक्षित जोडणीनंच उघड असा ब्राउझरला हुकूम) चालू करून ठेवलेलं, त्यामुळे "तरीही पुढे जा" हा रस्ताही ब्राउझरनं बंद केलेला.

सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा ब्राउझरला लागणारा दाखला, लेट्स एन्क्रिप्ट या फुकट दाखले देणाऱ्या संस्थेचं, मुदत ९० दिवस. नूतनीकरण दोन्ही सर्व्हर आपापलं करतील अशी आमची समजूत. पण आम्ही वापरत होतो ती एचटीटीपी-०१ पद्धत, आणि तिच्यात लेट्स एन्क्रिप्ट डीएनएसला नावाचा पत्ता विचारतं, त्या पत्त्यावर जातं आणि ठरलेली फाइल तिथं आहे का पाहतं. डीएनएस कुठं दाखवत होतं? कायम मुंबईकडे. संभाजीनगरनं नूतनीकरण मागितलं की फाइल त्याच्या डिस्कवर आणि तपासणी मुंबईच्या दारात. दर वेळी नापास. पहिल्या दिवशी सर्टिफिकेट हातानं कॉपी केलं होतं म्हणून जून निभावला. ९० दिवस संपल्यावर राखीव सर्व्हर गुपचूप निकामी झाला. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टची ईमेल यायची, तीही जून २०२५पासून बंद आहे.

मग बॅलन्सरनं त्याला हिरवा का म्हटलं? कारण सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला बॅलन्सर जी तपासणी करतो, तीत सर्टिफिकेट पाहिलंच जात नाही. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेची एचटीटीपीएस तपासणी सर्टिफिकेट वैध आहे का, मुदतीत आहे का, हे बघत नाही; मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर ट्रॅफिक मॅनेजरचंही तसंच. हे त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, आम्ही वाचलं नव्हतं.

उपाय म्हणजे डीएनएस-०१ पद्धत. तिच्यात पुरावा सर्व्हरवरच्या फाइलमध्ये नसतो, झोनमधल्या टीएक्सटी (साध्या मजकुराच्या) रेकॉर्डमध्ये असतो, त्यामुळे नाव त्या घडीला कुठल्या सर्व्हरकडे दाखवतंय याला महत्त्वच उरत नाही. दोन्ही सर्व्हर आपापलं सर्टिफिकेट घेऊ शकतात. झोन बदलण्याची किल्ली सर्व्हरवर ठेवावी लागते, म्हणून ती किल्ली फक्त त्या एका टीएक्सटी रेकॉर्डपुरती मर्यादित करता येते का ते आधी पाहा. सगळ्या झोनची किल्ली कचेरीतल्या सर्व्हरवर ठेवणं मला पटत नाही.

आणि तपासणी स्वतः करा, रोज. कर्ल या वेब पानं मागवणाऱ्या आज्ञेला रिझॉल्व्ह नावाचा पर्याय आहे: नाव, पोर्ट ४४३ आणि आयपी कोलननं जोडून दिलं की तो डीएनएसला न विचारता त्याच पत्त्यावर जातो, पण नाव खरंच पाठवतो. म्हणजे "समजा वाहतूक आत्ता १९८.५१.१००.२० वर वळली, तर गिऱ्हाइकाला काय दिसेल" हे फेलओव्हर न करता कळतं. नुसता आयपी ब्राउझरमध्ये टाकून पाहणं ही चाचणी नव्हे, कारण मग सर्व्हरला नाव कळत नाही आणि तो भलतीच साइट किंवा भलतंच सर्टिफिकेट पुढे करतो. आमचा छोटा स्क्रिप्ट रोज सकाळी सहाला दोन्ही पत्त्यांवर असा जातो आणि सर्टिफिकेटचे २० दिवस उरले की माझ्या फोनवर संदेश टाकतो.

तिसरा दोष: तपासनीस दारातच अडवला

हे उलट टोक. मध्येच कधीतरी संभाजीनगरचा सर्व्हर उत्तम चालत असताना बॅलन्सरवर लाल व्हायचा. कचेरीतल्या मुलानं फायरवॉलवर "फक्त भारत" असा नियम लावला होता. त्याची बाजू रास्त होती, बाहेरदेशातून लॉगिनचे प्रयत्न फार येत होते. पण बॅलन्सरचे तपासनीस, म्हणजे ही तपासणी करणारे सर्व्हर, बाहेरदेशातूनच येतात. रूट ५३चे तपासनीस सिंगापूर, टोकियो, सिडनी, आयर्लंड, साओ पावलो आणि अमेरिकेतून येतात. भारतातून येत नाहीत. मोठ्या सेवा आपल्या तपासनिसांचे पत्ते जाहीर करतात. ते फायरवॉलमध्ये परवानगीच्या यादीत घाला, आणि संशयित पत्ते आपोआप अडवणारं फेल-टू-बॅनसारखं काही चालू असेल तर तिथंही, कारण अनेक ठिकाणांहून दर थोड्या सेकंदांनी येणारी तीच ती विनंती हल्ल्यासारखीच दिसते.

तपासणीचं पानही नीट निवडा. आमची तपासणी साध्या एचटीटीपीवर पहिलं पान मागायची आणि सर्व्हर तिला एचटीटीपीएसवर रिडायरेक्ट करायचा. रूट ५३ रिडायरेक्टच्या मागे जात नाही, २०० (म्हणजे सगळं ठीक) ते ३९९मधल्या क्रमांकाचं कुठलंही उत्तर त्याला निरोगी वाटतं. म्हणजे डेटाबेस मेलेला, भाव दिसत नाहीत, तरी एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रिडायरेक्ट देतोय तोवर सगळं हिरवं. दुसऱ्या काही तपासण्या रिडायरेक्टच्या मागे जातात, आणि तिथं जास्त गंमतीचा नव्हे, धोक्याचा प्रकार होतो: रिडायरेक्टमध्ये मुख्य नाव असतं, त्या नावाचा पत्ता असतो मुंबई, म्हणजे संभाजीनगरची तब्येत विचारायला गेलेला माणूस मुंबईची नाडी बघून परत येतो. आता आमच्याकडे तपासणीसाठी वेगळं पान आहे. ते डेटाबेसमधून आजची शेवटची नोंद वाचतं आणि जमलं तरच २०० देतं. विनंतीत कुठली साइट हवी ते सांगणाऱ्या होस्ट हेडर आणि एसएनआय या जागांत मुख्य नाव घातलेलं आहे.

याचाच एक पोटदोष. मुंबई पडलेली आणि फायरवॉलमुळे संभाजीनगरही लाल, अशी वेळ एकदा आली. वाटेल की बॅलन्सर उत्तरच देणार नाही. तसं होत नाही. सगळे होस्ट आजारी दिसले तर रूट ५३ सगळ्यांना निरोगी धरतो, अझ्युरही तसंच धरतो. न देण्यापेक्षा काहीतरी दिलेलं बरं या हिशेबानं. त्यामुळे मेलेल्या सर्व्हरचाही पत्ता दिला जाऊ शकतो: कुणाला साइट दिसते, कुणाला नाही, आणि शेजारीशेजारी बसलेल्या दोन माणसांना वेगळं दिसतं. असं ऐकलं की टीटीएलच्या मागे लागू नका, आधी पडद्यावर दोन्ही लाल आहेत का पाहा.

चौथा दोष: गिऱ्हाइकाच्या घरातली जुनी वही

बोडकं नाव दुरुस्त केल्यावरही मोंढ्यातल्या एका दुकानात अडचण उरलीच. फोनवर कळेना म्हणून गाडी काढून गेलो. गल्ल्याच्या खाली संगणक, त्याच्यावर सोयाबीनच्या टरफलांचा थर, बाजूला पावतीपुस्तकं. एनएसलुकअप या पत्ता विचारणाऱ्या आज्ञेनं विचारलं तर उत्तर बरोबर, १९८.५१.१००.२०. पिंग (सर्व्हरपर्यंत पोचता येतं का पाहणारी आज्ञा) केलं तर २०३.०.११३.१०. एकाच यंत्रावर एकाच नावाचे दोन पत्ते.

हा फरक दिसला की थांबा, दोष सापडलाय. एनएसलुकअप सरळ डीएनएस सर्व्हरला विचारतो. पिंग आणि ब्राउझर विंडोजला विचारतात, आणि विंडोज आधी हॉस्ट्स नावाची फाइल वाचतो. ती सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टिम३२मध्ये, ड्रायव्हर्सच्या आत ईटीसी फोल्डरमध्ये असते. नोटपॅड प्रशासक म्हणून उघडून पाहिली. खाली, बऱ्याच रिकाम्या ओळी सोडून, आमचं नाव आणि मुंबईचा पत्ता. कधीतरी डीएनएस अडलं असताना बिलाचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं तात्पुरती टाकलेली ओळ, तीन दिवाळ्या झाल्या तरी तिथंच. ती काढली, बाकी काही करावं लागलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक एक शेतकरी उत्पादक कंपनी. त्यांची साइट आमचे भाव एन्जिनएक्सच्या प्रॉक्सीनं, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरमार्फत, ओढून दाखवते. एन्जिनएक्समध्ये प्रॉक्सी पासला सरळ नाव लिहिलं तर तो सुरू होताना एकदाच पत्ता शोधतो आणि पुन्हा रीलोड होईपर्यंत तोच धरून बसतो. तुमचा टीटीएल ६० असो की ६. रिझॉल्व्हर ही ओळ घालून नाव एका व्हेरिएबलमधून दिलं की तो टीटीएल पाळतो. जावाच्या प्रोग्रामचंही असंच पाहा: सिक्युरिटी मॅनेजर ही सुरक्षेची सोय चालू असलेल्या जुन्या मांडणीत जावा मिळालेला पत्ता कायमचा जपतो, एरवी ३० सेकंद. आणि आधीच उघडलेली जोडणी डीएनएसला पुन्हा विचारत नाही, म्हणून एखादी जोडणी मेलेल्या सर्व्हरला चिकटून राहते. ॲपला पुन्हा जोडायला शिकवावं लागतं.

पाचवा दोष: विसरलेला एएएए

काहींना घरच्या वायफायवर साइट दिसायची, मोबाइल डेटावर नाही. आपल्याकडचे मोबाइल फोन बहुतेक आयपीव्ही६वर (आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, जुनी ती आयपीव्ही४) चालतात, आणि आम्ही बॅलन्सरच्या हाती फक्त ए रेकॉर्ड दिला होता. आयपीव्ही६चा पत्ता सांगणारा एएएए रेकॉर्ड झोनमध्ये सरळ, मुंबईचा. ब्राउझर आयपीव्ही६ लागला नाही तर आयपीव्ही४कडे वळतो, त्यामुळे सर्व्हर पूर्ण बंद असताना हा दोष झाकला जायचा. सर्व्हर उभा आणि डेटाबेस मेलेला असला की जोडणी लागायची, ५०२ ही सर्व्हरची चूक यायची, आणि ब्राउझरला दुसरीकडे वळायचं कारणच उरायचं नाही. दोन्ही सर्व्हरांना आयपीव्ही६ देऊन एएएएही बॅलन्सरखाली आणा. राखीवला आयपीव्ही६ मिळत नसेल तर एएएए सरळ काढून टाका.

कुणीतरी मध्ये सुचवलं की भौगोलिक पद्धत लावा, मराठवाड्यातला माणूस संभाजीनगरला जाईल, पुण्या-मुंबईचा मुंबईला. नका लावू. बॅलन्सरला विचारणारा रिझॉल्व्हर दिसतो, उदगीरचा माणूस दिसत नाही, आणि त्याच्या कंपनीचा रिझॉल्व्हर मुंबईत बसलेला असू शकतो. विचारणाऱ्याच्या पत्त्याचा तुकडा पुढे पाठवायची सोय २०१६च्या आरएफसी ७८७१ या इंटरनेट दस्तऐवजात लिहिली गेली, गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर ती पाळतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ खासगीपणासाठी पाळत नाही. खंडाखंडांत सर्व्हर असतील तर हे करण्यात अर्थ आहे. एकाच राज्यातल्या दोन सर्व्हरांसाठी मुख्य आणि राखीव एवढंच पुरतं.

आता महिन्यातून एकदा, सौदे बंद असतात त्या दिवशी, मुंबईवरची वेब सेवा आम्ही हातानं बंद करतो. तपासणी दर ३० सेकंदांनी, तीनदा नापास झाली की होस्ट बाद, म्हणजे ९० सेकंद. वर टीटीएलचे ६०. कागदावर अडीच मिनिटं. मी त्याच अडत्यांना फोन लावतो, ते मोबाइल डेटावर बोडकं नाव उघडून पान ओढत राहतात. मागच्या वेळी "आलं बगा" म्हणाले तेव्हा दोन मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. वहीत ती वेळ लिहिली आणि मुंबई परत चालू केली.